भूत जेवायला घरी गेलं

मंडळी, दाराची कडी वाजणं ही किती साधी गोष्ट! पण १९९३ साली, शुक्रवारी रात्री, बोईसरच्या आमच्या चाळीत कडी वाजली की माझ्या पोटात गोळा यायचा. झी टीव्हीवर त्या वर्षी 'झी हॉरर शो' सुरू झाला होता आणि त्याच्या पहिल्याच कथेचं नाव होतं 'दस्तक', म्हणजे दारावरची थाप. माझे वडील तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला होते. सेकंड शिफ्ट म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. सायकल मारत घरी पोचायला त्यांना साडेअकरा वाजायचे. आम्ही मालिका बघून, गोधडीत तोंड खुपसून पडलेलो असायचो आणि नेमकी तेव्हाच कडी वाजायची. आई दार उघडायची. दारात वडील, हातात रिकामा डबा, शर्टाला कारखान्याचा वास. भूत कसलं नि काय! तरी पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीच भीती आणि दार उघडल्यावर पुन्हा तोच सुटकेचा श्वास.

चाळीत तेव्हा केबल एकाच घरी होती. त्या घरच्या बाईंना सगळी चाळ आत्या म्हणायची. शुक्रवारी रात्री त्यांच्या खोलीत पंधरा-वीस पोरं दाटीवाटीनं बसायची. आत्या सुपारी कातरत खाटेवर बसत आणि पडद्यावर जे चाललंय त्यावर टीका करत. 'अगं, अंधारात एकटीनं तळघरात कशाला मरायला जातेस? सकाळी जा की!' 'त्या भुताला कुणीतरी कंगवा द्या रे.' आम्ही घाबरत असू आणि हसतही असू. कार्यक्रम संपला की आत्या उठून ट्यूबलाईट लावत आणि दर वेळी एकच वाक्य म्हणत, 'संपलं. भूत तोंड धुऊन घरी गेलं जेवायला. तुम्हीही पळा.'

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आलं की आत्या जे फुकट करत होत्या, त्याचा अमेरिकेत चक्क पगार मिळत असे.

तिथे १९५०च्या दशकात टीव्ही घरोघर पोचला, पण रात्री उशिरा दाखवायचं काय, हा प्रश्न होता. स्वस्तात मिळत ते जुने चित्रपट, आणि त्यातले बरेच इतके जुने की प्रेक्षक चॅनेल बदलण्याची भीती. मग १९५४ साली लॉस एंजेलिसच्या केएबीसी केंद्रानं एक युक्ती काढली. मायला नुर्मी नावाच्या अभिनेत्रीला काळा घट्ट झगा घालून 'व्हँपायरा' बनवलं. धुक्यानं भरलेल्या बोळातून ती संथपणे कॅमेऱ्यासमोर येई, जिवाच्या आकांतानं किंचाळे आणि लगेच गोड हसून चित्रपटाची ओळख करून देई. मध्ये मध्ये येऊन त्याची थट्टाही करी. १९५७ साली युनिव्हर्सल कंपनीचे ५२ जुने चित्रपट 'शॉक' या नावानं एकगठ्ठा टीव्ही केंद्रांना विकले गेले. त्यात १९३१ सालचे 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' होते, १९३२ सालचा 'द ममी' होता. मग गावोगावच्या केंद्रांनी आपापला भुतोबा उभा केला. फिलाडेल्फियात जॉन झाकर्ली हे गृहस्थ शवपेटीशेजारी उभे राहून विनोद करत. १९८१ साली कॅसांड्रा पीटरसन या अभिनेत्रीची 'एल्व्हायरा' आली आणि तिनं तर देशभर नाव कमावलं. या लोकांना तिकडे 'हॉरर होस्ट' म्हणतात. आपण भुताचे यजमान म्हणू. ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन आला की या यजमानांचा हंगाम सुरू होतो.

हॅलोविन म्हटलं की आपल्याकडे लगेच 'हे परक्याचं खूळ' असं म्हटलं जातं. भोपळा परका असेल, पण वर्षातले काही दिवस मेलेल्यांसाठी आणि भीतीसाठी राखून ठेवायची पद्धत परकी नाही. ३१ ऑक्टोबर ही ख्रिस्ती परंपरेतल्या सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र. २ नोव्हेंबरला वसईच्या पट्ट्यातली आपली मराठी बोलणारी ख्रिस्ती मंडळी दफनभूमीत जाऊन आप्तांच्या थडग्यांवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्याच सुमाराच्या आगेमागे आपली सर्वपित्री अमावास्या होऊन गेलेली असते आणि दिवाळी दाराशी असते. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण तुळशीजवळ कारीट फोडतो, तो नरकासुरच. गोव्यात तर पोरं रात्र रात्र जागून नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे उभे करतात आणि उजाडण्यापूर्वी जाळून टाकतात. लक्षात घ्या, भीती उभी करायची आणि उजाडायच्या आत तिचा निकाल लावायचा. दोन्ही कामं त्याच हातांनी करायची.

भुताचा यजमानही आपल्याला नवा नाही. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. १९८५ साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' आलं तेव्हा त्या घराघरात पोचल्या. आता वेताळ काय करतो बघा. राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो, की सांग, यात न्याय कोणाच्या बाजूनं? म्हणजे स्मशानात, मध्यरात्री, प्रेत खांद्यावर असताना राजाला डोकं चालवावं लागतं. घाबरून डोकं बंद करायची सोय नाही. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा हाही भुतांचा राजाच, पण लोक त्याला घाबरत नाहीत. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात, या श्रद्धेनं त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. भुतांवर कुणाची तरी देखरेख आहे, एवढं कळलं की माणूस निवांत झोपतो.

आता आपल्या चित्रपटांकडे येऊ. हिंदीतले सुरुवातीचे गाजलेले भयपट आठवा. १९४९ सालचा 'महल', १९६२ सालचा 'बीस साल बाद', १९६४ सालचा 'वो कौन थी'. पांढरी साडी, धुकं, करकरणारं दार, दुरून येणारं गाणं, सगळा जामानिमा यात आहे. पण शेवट आठवतो? 'महल'मधली झपाटलेल्या वाड्यातली बाई माळ्याची मुलगी निघते. 'बीस साल बाद' ही तर शेरलॉक होम्सच्या 'बास्करव्हिल'च्या कथेवर बेतलेली गोष्ट. तिथंही सूड घेणारा हाडामांसाचा माणूसच. 'वो कौन थी'मध्ये जुळ्या बहिणी आणि इस्टेटीसाठी रचलेला कट. तीन तास घाबरवून दिग्दर्शक शेवटी आत्यांसारखाच दिवा लावत असे आणि म्हणत असे, भूत नव्हतं हो, माणूस होता.

हा दिवा पुढे मालवला गेला. ते काम रामसे बंधूंचं. त्यांचे वडील फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर त्यांनी पुन्हा दुकान थाटलं. चित्रपटाचं वेड होतंच. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला, पण एक गोष्ट मुलांच्या लक्षात आली. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात, त्या एका प्रसंगाला लोक थिएटरात दाद देत होते. मग पूर्ण चित्रपटच तसा का करू नये? १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. महाबळेश्वरला सगळा कबिला नेऊन, विश्रामगृहालाच सेट करून, थोड्या पैशांत केलेला. सात भाऊ आणि प्रत्येकाकडे एक खातं. कुमार पटकथा लिहीत, गंगू कॅमेरा सांभाळत, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू निर्मिती आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन. १९८४ सालच्या 'पुराना मंदिर'नं तर कहर केला. त्यातला सामरी हा सैतान साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीला शिकलेले इंजिनियर. बोईसरमध्ये निम्मी वस्ती इंजिनियर, फिटर नि ऑपरेटरची, त्यामुळे हे मला कळलं तेव्हा फार गंमत वाटली.

पण सामरी माळ्याचा मुलगा निघत नाही. तो खराच सैतान असतो. मंत्रतंत्र खरे, शापही खरा आणि उपाय एकच, त्रिशूळ. रामसेंवर नाकं मुरडणाऱ्यांनाही हे मान्य करावं लागेल की त्यांना भीतीचं तंत्र पक्कं ठाऊक होतं. ते तंत्र काय, थोडक्यात सांगतो. चेहऱ्यावर प्रकाश सहसा वरून पडतो, सूर्याचा किंवा दिव्याचा. तो खालून टाकला की सावल्या उलट्या पडतात आणि ओळखीचा चेहराही अनोळखी होतो. लहानपणी हनुवटीखाली बॅटरी धरून आपण सगळ्यांनी हा प्रयोग केला आहे. दुसरी गोष्ट आवाजाची. आधी शांतता वाढवत न्यायची, कान टवकारलेला प्रेक्षक पुढं सरकला की एकदम मोठा आवाज. शरीर दचकतं, ते विचार करून नव्हे. मेंदूला 'हा सिनेमा आहे' हे आठवण्याआधीच छातीत धडधड सुरू झालेली असते, तळहात ओले झालेले असतात. मग क्षणभरानं ध्यानात येतं, अरे, आपण तर खुर्चीत आहोत. ही जी सुटका असते ना, तिच्यातच सगळी मजा आहे. खरी धडधड आणि खोटा धोका, हे दोन्ही एकत्र हवेत. धोका खोटा असल्याची खात्री काढून घेतली की उरते ती नुसती भीती.

'झी हॉरर शो' रामसेंचाच. १९९५ साली सोनीवर 'आहट' आलं. हे सगळं थिएटरातून उठून थेट घरात आलं, रात्री, झोपायच्या वेळी. आणि आपल्याकडे व्हँपायरा नव्हती. सुरुवातीला हसून 'घाबरू नका, खेळ आहे' म्हणणारं आणि शेवटी दिवा लावणारं कुणी पडद्यावर नव्हतं. आमच्या चाळीत ते काम आत्या करत होत्या. १९९५ साली त्या मुलाकडे सुरतेला राहायला गेल्या. त्याच वर्षी आमच्या घरी टीव्ही आला. वडील शिफ्टला, आई दिवसभराच्या कामानं गाढ झोपलेली. आम्ही तीन पोरं आवाज बारीक करून एकटी बघायला लागलो.

यापुढचं मी आजवर जाहीरपणे बोललेलो नाही.

रेल्वे रुळांच्या पलीकडे, पूर्वेला, चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक पाडा होता. तिथली एक म्हातारी विधवा सकाळी सरपणाच्या मोळ्या घेऊन आमच्या बाजूला विकायला येई. केस पांढरे, मोकळे, एक डोळा पडद्यानं झाकलेला. एका रात्री टीव्हीवर हडळ बघितली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला ती दिसली. कुणी पहिल्यांदा म्हटलं, हे सांगताना मला आठवत नाही असं म्हणता येईल, पण आठवतं. मीच म्हटलं, 'हडळ आली रे!' मग तो खेळच झाला. ती दिसली की ओरडायचं आणि पळायचं. पाड्यावरची आमच्या शाळेतली मुलंही त्यात सामील झाली. म्हातारी आधी हसायची. मग तिनं आमच्या गल्लीतून जाणं सोडलं.

त्या पावसाळ्यात पाड्यावर तापाची साथ आली आणि एक लहान मूल दगावलं. भगताकडे कौल लावला गेला. कुणाकडे बोट गेलं, ते सांगायला नको. तिला मारहाण झाली नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं. पण तिच्याकडून कुणी काही घेईना, विहिरीवर तिला कुणी येऊ देईना. दिवाळीच्या आत ती पाडा सोडून गेली. कुठे, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

भुताळी ठरवण्याची रीत आमच्या टीव्हीच्या आधीपासूनची आहे, हे मला ठाऊक आहे. ताप कशाचा, डास कुठले, दवाखाना किती लांब, हे प्रश्न विचारण्यापेक्षा एका एकट्या बाईकडे बोट दाखवणं सोपं असतं. अनेकदा त्यामागे जमिनीचा तुकडाही असतो. तिच्या हकालपट्टीचं सगळं खापर मी एका मालिकेवर फोडणार नाही. पण तिला ते नाव आमच्या ओट्यावर पडलं होतं. पडद्यावरचं भूत आम्ही बाहेर काढून एका जिवंत माणसाच्या अंगाला चिकटवलं होतं. कार्यक्रम संपल्यावर दिवा लावायचा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

महाराष्ट्रात याविरुद्ध कायदा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, तिच्यामुळे रोगराई पसरते असं सांगून तिचं जगणं कठीण करणं हा आता गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हाही गुन्हा आहे, आणि साप-विंचू चावल्यावर रुग्णाला दवाखान्यात जाण्यापासून रोखणं हासुद्धा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. हा कायदा भुताच्या गोष्टी सांगायला मनाई करत नाही. गोष्टीतलं भूत शेजारणीच्या अंगावर घालायला मनाई करतो.

मग भयपट बघू नयेत का? माझं मत अगदी उलट आहे. आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याकडे, बोहाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं. गणपती येतो, नरसिंह येतो, रावण येतो, त्राटिका येते. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे जड मुखवटे, टेंभ्यांचा हलता प्रकाश, म्हणजे तोच खालून पडणारा उजेड. लहान पोरं आईला बिलगतात. पण सोंग नाचून गेलं की मुखवटा उतरतो आणि आतून घामाघूम झालेला गावातलाच कुणी काका निघतो. मूल ते बघतं. मुखवटा म्हणजे मुखवटा आणि माणूस म्हणजे माणूस, हा धडा त्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय मिळतो. रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि त्यांनीच मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहिलं. त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी रंगवली, की पोरं घाबरायच्या ऐवजी खुर्चीत उड्या मारत. २०१८ साली ते नाटक पुन्हा आलं, तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले आणि नव्या पिढीची पोरंही तशीच हसली. एकाच लेखकाकडे दोन्ही हत्यारं होती, घाबरवायचं आणि सोडवायचंही.

आज काळ आणखी बदलला आहे. २०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आलं तेव्हा निदान घरातली चार माणसं एकत्र बसून बघत होती, वाद घालत होती. २०१८ सालचा, नारायण धारपांच्या कथांचं ऋण मानणारा 'तुंबाड' लोकांनी थिएटरात जाऊन बघितला आणि त्यातला खरा राक्षस हाव आहे, हे बाहेर पडताना एकमेकांना सांगितलं. आता भूत मोबाईलवर येतं, कानात आवाज घालून, पांघरुणाखाली, एकट्याला. आणि 'सत्य घटना' म्हणून फिरणाऱ्या चित्रफितींना तर शेवटच नसतो. कोणत्या तरी घाटातली बाई, कोणत्या तरी पुलावरची सावली. तिथं यजमान कुणीच नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. घरातली मुलं भुताचं काही बघत असतील, तर मोबाईल हिसकावून घेऊ नका. त्यांच्या शेजारी जाऊन बसा. घाबरा, दचका, थोडी थट्टा करा. प्रकाश कुठून टाकलाय, आवाज कुठे वाढवलाय, ते त्यांना शोधायला लावा. वेताळासारखा शेवटी एक प्रश्न विचारा, की यात खरं दुष्ट कोण होतं? आणि संपलं की उठून दिवा लावा.

मी माझ्या मुलीबरोबर तेच करतो. बोईसरची ती चाळ आता राहिली नाही, तिथे इमारत झाली. परवा आम्ही दोघं मिळून 'पुराना मंदिर' बघितला. सामरी आला तेव्हा तिनं माझा दंड घट्ट धरला. मग मी तिला सांगितलं की हे काका इंजिनियर आहेत, आणि ती हसत सुटली. सिनेमा संपल्यावर तिनंच उठून दिवा लावला. मी आत्यांचं वाक्य म्हटलं, 'संपलं. भूत तोंड धुऊन घरी गेलं जेवायला.' मग तिला मोळीवाल्या म्हातारीची गोष्ट सांगितली, अगदी मी काय ओरडलो होतो त्यासकट. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, 'बाबा, तिचं नाव काय होतं?'

मला सांगता आलं नाही. आम्ही ते कधी विचारलंच नव्हतं.